बॉड रेटमागचा माणूस

व्हायवाला एक प्रश्न हमखास येतो. बॉड रेट आणि बिट रेट यांत फरक काय? आपण सगळेच पाठ केलेलं उत्तर धडाधड म्हणून टाकतो. लाइनवरचा सिग्नल एका सेकंदात किती वेळा बदलू शकतो तो बॉड रेट, आणि एका सेकंदात किती बिट्स जातात तो बिट रेट. एक्स्टर्नल मान डोलावतात, पुढचा प्रश्न येतो आणि आपण सुटलो बुवा म्हणत बाहेर पडतो. व्होल्टा, अँपिअर, ओहम, हर्ट्झ ही मंडळी निदान पुस्तकातल्या चौकटीत फोटोसकट भेटतात. पण हा बॉड कोण, कुठला, त्याला दाढी होती की मिशी, याचा कोणाला पत्ता नसतो.

तो माणूस म्हणजे फ्रान्सचा एमिल बोदो. त्याच्या आडनावाचा पुढचा तुकडा घेऊन बॉड हे एकक झालं. मी शाळा शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे टेक्निकल लेखासाठी जड मराठी शब्द माझ्याजवळ फारसे नाहीत. म्हणून ठरवलं की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये आपण जसं बोलतो तसंच लिहायचं. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!

बोदोकडे जाण्याआधी होस्टेलमध्ये सध्या आलेल्या एका साथीबद्दल सांगते. (डेंग्यूबद्दल नव्हे.) ही साथ आहे टर्मिनल सजवण्याची. काळ्या स्क्रीनवर रंगीत पट्टा, त्याला बाणासारखं टोक, गिटच्या ब्रँचसाठी फाटा फुटलेली खूण, प्रत्येक फोल्डरपुढे छोटंसं चित्र. एकीचं बघून दुसरी तिची कॉन्फिग फाइल मागून घेते, आपल्या लॅपटॉपवर टाकते, टर्मिनल उघडते आणि बघते तो काय, सगळीकडे रिकामे चौकोन! त्या चौकोनाला फॉन्टवाल्यांच्या जगात टोफू म्हणतात, पनीरच्या तुकड्यासारखा दिसतो म्हणून.

उपाय अगदी सोपा आहे. ती चित्रं साध्या फॉन्टमध्ये नसतात. त्यासाठी नर्ड फॉन्ट्स नावाच्या प्रोजेक्टने तयार केलेला जोड दिलेला फॉन्ट घ्यायचा. जेटब्रेन्स मोनो, फिरा कोड, हॅक असे नेहमीचे फॉन्ट घेऊन त्यांत हजारो जादा खुणा बसवलेल्या असतात. झिप फाइल उतरवा, उघडा. लिनक्स असेल तर आपल्या होममधल्या डॉट-लोकल फोल्डरच्या आत शेअर, त्याच्या आत फॉन्ट्स, तिथे फाइल्स ठेवा आणि एफसी-कॅश ही कमांड चालवा. विंडोज असेल तर फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल. यानंतर एक पायरी उरते आणि नेमकी तीच बरेच जण विसरतात. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फॉन्ट निवडायचा. व्हीएस कोडमधल्या टर्मिनलचं सेटिंग वेगळं असतं, तिथे पुन्हा निवडायचा. नावात मोनो असलेला प्रकार घेतला तर प्रत्येक खूण एकाच खणात बसते, ओळी वाकड्यातिकड्या होत नाहीत.

इथपर्यंत ठीक. पण लॅबच्या सर्व्हरवर एसएसएच करून काम करणाऱ्यांना आणखी एक कोडं पडतं. प्रोग्राम चालतो सर्व्हरवर, खुणा छापतो तो प्रोग्राम, मग फॉन्ट सर्व्हरवर टाकायचा की आपल्या लॅपटॉपवर? उत्तर आहे, लॅपटॉपवर. सर्व्हरवर फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर दीडशे वर्षं मागे, तारेच्या जमान्यात जावं लागतं. तिथेच आपला बोदो बसलेला आहे.

एमिल बोदोचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ चा. गाव मान्यो, फ्रान्सच्या ओत-मार्न भागातलं लहानसं खेडं. वडील शेतकरी. पोरगा गावातल्या प्राथमिक शाळेत शिकला आणि तिथेच शिक्षण संपलं. पुढे वडिलांबरोबर शेती. हे वाचून मी जरा थबकलेच. आपण आठ सेमिस्टर, त्यावर केट्या, त्यावर एटीकेटी असा प्रवास करतो, आणि ज्याच्या नावाने आपण सिग्नलचा वेग मोजतो त्याच्याकडे कुठल्याच कॉलेजची डिग्री नव्हती.

१८६९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो फ्रान्सच्या तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागला. सरकारी नोकरी, ती पण अगदी खालच्या पायरीवरची. तिथे त्याला ह्यूज साहेबाचं छापणारं तारयंत्र शिकवलं गेलं. हे यंत्र मजेशीर होतं. समोर पियानोसारख्या पट्ट्या, आत एक सतत फिरणारं चाक आणि चाकाच्या कडेवर कोरलेली अक्षरं. दोन्ही टोकांची चाकं एकाच वेगाने फिरत. हवं ते अक्षर कागदासमोर येईल त्या क्षणी विजेचा एक ठोका पाठवायचा की पलीकडे ते अक्षर छापलं जाई. मोर्ससारखं कट्ट-कड ऐकून लिहून घ्यायची गरज नाही.

मध्येच १८७० ची फ्रान्स आणि प्रशियाची लढाई आली. बोदो त्यात काही काळ सैन्यात होता. १८७२ मध्ये तो पुन्हा पॅरिसला आपल्या कामावर हजर झाला. आणि ऑपरेटरच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तार बांधायला केवढा खर्च येतो! शेकडो किलोमीटर खांब, तांबं, लोखंड, माणसं. आणि एवढी महागाची तार बहुतेक वेळ रिकामी बसलेली असते. दोन अक्षरांच्या मध्ये ऑपरेटर विचार करतो, कागद बघतो, बोट उचलतो, तेवढा वेळ तारेत काहीच नसतं. मेसच्या एकाच टेबलावर एक जण तासभर बसून राहावा आणि बाकीचे रांगेत उभे असावेत, तसा प्रकार.

मग तोच वेळ दुसऱ्याला का देऊ नये? एकाच तारेवर चार ऑपरेटर बसवायचे आणि प्रत्येकाला पाळीपाळीने क्षणभर तार द्यायची. आपण याला टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणतो आणि त्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो. कल्पना पूर्णपणे बोदोची नव्हती, हेही सांगायला हवं. बर्नार मेयर नावाच्या त्याच खात्यातल्या माणसाने १८७१ च्या सुमारास अशी वाटणी मोर्ससाठी करून दाखवली होती. छापणारं चाक ह्यूजचं होतं. पाच-पाच ठोक्यांच्या गटाने अक्षरं सांगायची युक्ती गाउस आणि वेबर या जर्मन जोडगोळीकडे आधीच होती. बोदोने या तिन्हींची मोट बांधली आणि सलग चालेल असं एक यंत्र उभं केलं. खात्याने त्याला हे काम करायची मुभा दिली खरी, पण ड्यूटी संपल्यावर, स्वतःच्या वेळात. १७ जून १८७४ ला त्याने पेटंट घेतलं.

आता यंत्राची गंमत बघा. ऑपरेटरसमोर फक्त पाच बटणं. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. प्रत्येक बटण एकतर दाबलेलं नाहीतर सोडलेलं. म्हणजे दोनाचा पाचवा घात, बत्तीस जोड्या. फर्स्ट इयरला आपण जो बायनरीचा तक्ता काढतो तो या माणसाच्या बोटांखाली होता. आणि त्याने तो तक्ता डोकं लावून भरला होता. उजव्या हाताच्या तीन बटणांच्या सात जोड्या होतात, तर फ्रेंचमधले सातही स्वर त्या सातांत बसवले. कुठल्याही स्वराला डावा हात हलवायची गरज नाही. व्यंजन आलं की डावा हात मदतीला यायचा. आपली बाराखडी जशी स्वर आणि व्यंजन वेगळे धरून शिकवतात, तशीच काहीशी ही बोटांची बाराखडी होती.

तारेच्या दोन्ही टोकांना एक गोल तबकडी आणि तिच्यावरून फिरणारे ब्रश. तबकडीचे भाग पाडलेले, प्रत्येक ऑपरेटरला त्यातला एक. ब्रश त्याच्या भागावर आला की त्याच्या पाच बटणांची स्थिती एकामागून एक तारेत जायची. फेरा मिनिटाला साधारण १८० वेळा. म्हणजे प्रत्येक ऑपरेटरचं सेकंदाला तीन अक्षरं, मिनिटाला तीसेक शब्द. सेकंदाला तीन अक्षरं, अक्षराला पाच बिट्स, चार ऑपरेटर, गुणाकार केला तर साठ बिट्स. आज टर्मिनलमध्ये एस-टी-टी-वाय ही कमांड उणे ए लावून चालवली तर पहिल्याच ओळीत बहुधा ३८४०० बॉड असं दिसतं. हा आकडा आता नावापुरता आहे, पण नाव बघा कोणाचं आहे!

या यंत्रावर काम करणं मात्र खायचं काम नव्हतं. यंत्राकडे मेमरी नव्हती. आपली पाळी आली की यंत्र टक्क असा आवाज करायचं, त्या ठेक्यावर पाचही बटणं एकदम दाबायची, ब्रश पुढे जाईपर्यंत ती अडकून राहायची, मग सुटायची, की लगेच पुढचं अक्षर. सेकंदाला तीनदा, तासन् तास. ठेका चुकला की अक्षर गेलं. तबलजीला जसा लय सोडून चालत नाही, तसं या ऑपरेटरांचं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बत्तीस जोड्यांत अक्षरं बसली, पण आकडे कुठे बसवायचे? स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, कंस, अधिकचं चिन्ह? तारा काही फक्त मामा वारला कळवायला नसतात, व्यापाऱ्यांना भाव पाठवायचे असतात. बोदोने दोन जोड्या राखून ठेवल्या. एक आली की पलीकडचं चाक अक्षरांच्या बाजूला सरकायचं, दुसरी आली की आकडे आणि चिन्हांच्या बाजूला. मग तीच जोडी एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. कीबोर्डवरचं शिफ्ट बटण म्हणा ना.

आणि इथेच आपल्या चौकोनाचं मूळ आहे. बोदोच्या तारेतून अक्षर जातच नव्हतं. जात होती फक्त पाच ठोक्यांची जोडी, म्हणजे एक नंबर. अक्षराचा आकार पलीकडच्या चाकावर कोरलेला असायचा. पाठवणाऱ्याला अक्षर कितीही सुंदर हवं असू दे, पलीकडच्या चाकावर जे कोरलेलं असेल तेच कागदावर उमटणार. नंबर तारेचा, आकार चाकाचा. हेच चाक म्हणजे आजचा फॉन्ट! सर्व्हर फक्त नंबर पाठवतो, चाक आपल्या लॅपटॉपमध्ये असतं. म्हणून फॉन्ट लॅपटॉपवर टाकायचा.

इथून पुढे गोष्ट जरा कडू आहे.

१८७७ मध्ये पॅरिस ते बोर्दो या लाइनवर बोदोचं यंत्र बसलं. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. शेतकऱ्याचा प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेला मुलगा साऱ्या युरोपच्या इंजिनीअरांसमोर उभा होता. सिनेमा असता तर इथे शेवटची रीळ संपली असती. पण प्रयोगांना पैसा लागतो आणि खात्याकडून तो पुरेसा येत नव्हता. सुटे भाग, कारागीर, दुरुस्त्या, सगळं बोदो स्वतःच्या खिशातून करत होता. शेवटी त्याने ते १८७८ चं सुवर्णपदकच विकलं.

या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. आपल्याकडे ट्रॉफी मिळाली की ती प्रिन्सिपलच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात जाते, आणि पुढच्या वर्षीच्या टीमला मोटर घ्यायला वर्गणी काढावी लागते. पदक विकून यंत्राला तेल घालणारा माणूस मला आपल्यातला वाटला.

दुसरं दुखणं श्रेयाचं. लुई-व्हिक्टर मिमो नावाचा खात्यातलाच एक तारवाला म्हणत होता की पाच घटकांची ही कल्पना आधी त्याची आहे. त्यानेही १८७४ मध्येच पेटंट घेतलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं चाललं. आपल्यावर अन्याय झाला हे मिमोच्या डोक्यात इतकं बसलं की त्याने खात्यातल्या ज्यूल रेनो या इंजिनीअरवर पिस्तूल झाडलं, आणि १८८८ मध्ये रेनो त्यात गेला. रेनो हा तारखात्याच्या उच्च शिक्षणाचं काम बघणारा माणूस. कोण पहिला या वादात एक तिसराच माणूस मेला. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर कोणाचं नाव आधी, यावरून होस्टेलमध्ये जी भांडणं होतात ती मी पाहिली आहेत. ती बोलणं बंद होण्यावर थांबतात, हे आपलं नशीब. पण मूळ दुखणं तेच आहे. जो राबतो त्याला वाटतं, हे माझं आहे. आणि बऱ्याचदा ते अनेकांचं असतं. मेयरचं, ह्यूजचं, गाउस-वेबरचं, कदाचित मिमोचंही. एकक मात्र एकाच्याच नावाने होतं.

तिसरं दुखणं घरचं. बोदोची तब्येत तरुणपणापासून नाजूक होती, आजारपणामुळे कामावर खाडे व्हायचे. लग्न त्याने उशिरा, चव्वेचाळिसाव्या वर्षी, जानेवारी १८९० मध्ये केलं. तीनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, त्याची बायको वारली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो पॅरिस, व्हान आणि लोरियां अशी तीन शहरं एका तारेवर जोडत होता. त्या तीन महिन्यांबद्दल आणि नंतरच्या दिवसांबद्दल यापेक्षा जास्त मला काही सांगता येणार नाही. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की पोटात कसंतरी होतं.

दरम्यान त्याचं यंत्र पसरत गेलं. फ्रान्समध्ये, इटलीकडे, १८९७ मध्ये लंडन-पॅरिस लाइनवर. सरकारने लीजन ऑफ ऑनर हा किताब दिला. २८ मार्च १९०३ ला पॅरिसजवळच्या सो या गावी तो गेला, तेव्हा वय होतं ५७. १९२० च्या दशकात आंतरराष्ट्रीय तार समितीने सिग्नलच्या वेगाच्या एककाला त्याचं नाव दिलं. १९४९ मध्ये फ्रान्सच्या पोस्टाने त्याच्या चेहऱ्याचं तिकीट काढलं. म्हणजे दाढी होती की मिशी हा प्रश्न ते तिकीट बघून सोडवता येईल!

माणूस गेला, पण बत्तीस जागांचा तक्ता राहिला. १९०१ च्या सुमारास न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे याने पाच बटणांच्या जागी टाइपरायटरसारखा कीबोर्ड आणला आणि तक्त्याची मांडणी बदलली. कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड ही जोडगोळी त्याच्याच तक्त्यातून पुढे आली. विंडोजमधली फाइल लिनक्सवर उघडल्यावर ओळीच्या शेवटी जो कचरा दिसतो, त्याचे आजोबा हे. पुढे टेलिप्रिंटर आले, युनिक्स त्यांच्यावरच वाढलं, म्हणून आजही टर्मिनलचं सिस्टिममधलं नाव टीटीवाय, म्हणजे टेलिटाइप. शिफ्टची युक्तीसुद्धा गेली नाही. चुकून एखादी बायनरी फाइल स्क्रीनवर ओतली की कधीकधी पुढची सगळी अक्षरं रेघोट्या होऊन जातात ना? त्यातलं एखादं बाइट टर्मिनलला शिफ्ट करून दुसऱ्या तक्त्यावर नेतं. रिसेट कमांड दिली की परत अक्षरांच्या बाजूला. बोदोच्या ऑपरेटरचा एक शिफ्टचा ठोका हुकला की पलीकडे अख्ख्या ओळीचे असेच आकडे व्हायचे.

आणि नर्ड फॉन्ट्सची भानगड तर हुबेहूब तारेच्या काळातली. बोदो-मरेच्या घराण्यातून पुढे जो आंतरराष्ट्रीय तक्ता ठरला, त्यात चिन्हांच्या बाजूच्या तीन जागा मुद्दाम मोकळ्या सोडल्या होत्या. ज्या त्या देशाने तिथे आपलं चिन्ह बसवावं. कोणी पौंड बसवला, कोणी डॉलर, स्वीडनवाल्यांनी आपले खास स्वर. देशात काम छान चालायचं, पण तार सीमेपलीकडे गेली की तोच नंबर पलीकडच्या चाकावर भलतंच काही छापायचा. युनिकोडमध्येही अशीच मोकळी जागा ठेवली आहे. तिला प्रायव्हेट यूज एरिया म्हणतात, मुख्य तक्त्यात ६४०० जागा. तिथे कोणी काय बसवायचं हे युनिकोड ठरवत नाही, कधीच ठरवणार नाही. फोल्डरचं चित्र, फाटा फुटलेली खूण, बाणाचं टोक, सगळं तिथेच बसवलेलं. म्हणून तो खास फॉन्ट नसेल तर चौकोन, आणि दुसऱ्या कोणाचा फॉन्ट असेल तर भलतंच चित्र. नर्ड फॉन्ट्सवाल्यांनी आधी चित्रांचा एक मोठा गठ्ठा असा बसवला की तो मोकळ्या जागेच्या बाहेर, दुसऱ्या लिप्यांच्या अंगणात गेला. २०२३ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी तो उचलून पुढच्या मोठ्या मोकळ्या जागेत नेला. ज्यांच्या जुन्या कॉन्फिग फाइल्स होत्या त्यांच्या चित्रांचे त्या दिवशी चौकोन झाले. म्हणून फॉन्ट ठीक असूनही चौकोन दिसत असेल तर कॉन्फिग कुठल्या आवृत्तीची आहे ते आधी तपासा.

आता आपल्या मराठीबद्दल दोन शब्द, मराठी विभाग आहे म्हणून नव्हे, तर मुद्दा इथेच येऊन भिडतो म्हणून. बोदोने बत्तीसच जागांत आपल्या फ्रेंचमधल्या वर रेघ असलेल्या ई या स्वराला स्वतंत्र खुर्ची दिली, कारण तो रोज ती भाषा बोलत होता. तक्ता ज्याच्या हातात, त्याच्या भाषेला जागा. बत्तीस खुर्च्यांत आपलं क, ख, ग, घ, त्यावर काना-मात्रा, जोडाक्षरं बसणं शक्यच नव्हतं. आज युनिकोडमध्ये दीड लाखाहून जास्त अक्षरांना नंबर आहेत आणि देवनागरीला स्वतःचे १२८ नंबरांचं अंगण आहे. तरीही टर्मिनलमध्ये मराठी नावाची फाइल बघा. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षराचे पाय मोडलेले. नंबर बरोबर येतो, पण टर्मिनल अजून त्या चाकाच्या हिशेबाने चालतं: एक नंबर, एक खण, एक आकार. क्ष किंवा स्त्री अशा अक्षराला तीन-चार, कधी त्याहून जास्त नंबर मिळून एक आकार होतो, हे त्याच्या बऱ्याच वंशजांना अजून नीट जमलेलं नाही. फोल्डरच्या चित्रासाठी आपण तीन तास फॉन्ट शोधतो, मग स्त्री हा शब्द टर्मिनलमध्ये धड दिसावा म्हणून कोणी फायनल इयरचा प्रोजेक्ट का घेत नाही? लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम एकदा पुरे झाली की!

असो. बोदोच्या आयुष्यातून उपदेश काढायचा माझा विचार नाही. पदक विका, असं मी कोणाला सांगणार नाही, आणि डिग्री सोडा असं तर मुळीच नाही. आई-बाबा हा अंक वाचतात. पण एक गोष्ट मनात राहिली. एका साध्या ऑपरेटरने रोजच्या कामात तारेचा रिकामा वेळ बघितला, जो त्याच्याआधी हजारो जणांनी बघितला होता आणि सोडून दिला होता. चौकोनही आपण सगळेच रोज बघतो. ते दिसले की दोन मिनिटं थांबून विचारावं, नंबर आला आहे ना? मग आकार कोणाकडे राहिला? उत्तर बहुतेक वेळा आपल्याच लॅपटॉपमध्ये सापडतं.

आणि पुढच्या व्हायवाला बॉड रेटची व्याख्या सांगून झाली की एक वाक्य जास्तीचं सांगा. एमिल बोदो, मान्यो गावचा शेतकऱ्याचा मुलगा, १८४५ ते १९०३. मार्क वाढतील याची खात्री देत नाही, पण एक्स्टर्नल मान वर करून आपल्याकडे नक्की बघतील.